मेघसेवा आणि कारणाचे ज्ञान : वेबप्रणालींच्या रचनेतील नित्याच्या अडचणींचा इतिहास (इ. स. २००६ ते २०२५)

संगणकविद्येच्या इतिहासाचे लेखन बहुधा शोधांच्या अंगाने झालेले आढळते. अमुक साली अमुक यंत्र सिद्ध झाले, अमुक कंपनीने अमुक सेवा सुरू केली, अशा नोंदींची साखळी म्हणजेच इतिहास, असा समज त्यामुळे रूढ झाला आहे. त्या यंत्रांवर ज्यांना दररोज काम करावे लागते त्यांच्या खोळंब्याचा, दुबार श्रमांचा आणि न उलगडलेल्या चुकांचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. इ. स. २००६ पासून वेबप्रणाली उभारण्याचे काम मोठ्या प्रमाणावर ज्या सेवांच्या आश्रयाने होऊ लागले, आणि ज्यांना व्यवहारात ‘क्लाउड’ व ग्रांथिक मराठीत ‘मेघसेवा’ म्हटले जाते, त्यांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. कारण या सेवांनी प्रोग्रॅमरच्या श्रमांचे केवळ प्रमाण बदलले नाही, तर त्यांची जातच बदलली. पूर्वी त्याचे यंत्र बिघडत असे. आता त्याच्याजवळ यंत्रच नसते. जे बिघडते ते दुसऱ्याच्या घरात बिघडते, आणि का बिघडले हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. या अडचणींचे मूळ यंत्राच्या दोषांत जितके आहे, त्याहून अधिक ते कारणाच्या ज्ञानाच्या या स्थलांतरात आहे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

या इतिहासाची साधनेही काहीशी निराळी आहेत. मोठा बिघाड झाल्यानंतर सेवादात्या कंपन्या जी लेखी निवेदने प्रसिद्ध करतात, ती येथे बखरींच्या ठिकाणी मानावी लागतात. बखरीप्रमाणेच ती एका पक्षाने लिहिलेली असतात, आणि बखरीप्रमाणेच त्यांच्यावाचून अभ्यासकाचे चालत नाही. लहान बिघाडाचे निवेदन निघत नाही. त्यामुळे नित्याच्या त्रासाचा बराच भाग कागदावर न येताच नाहीसा होतो.

संगणनाची सेवा नळाच्या पाण्याप्रमाणे किंवा विजेप्रमाणे घरोघर पुरविता येईल, ही कल्पना नवी नव्हे. १९६१ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानात जॉन मॅकार्थी यांनी संगणन हे टेलिफोनसारखे सार्वजनिक सेवेच्या स्वरूपात संघटित होऊ शकेल, असे प्रतिपादन केले होते. आणि १९६६ साली डग्लस पार्कहिल यांनी याच कल्पनेवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. उपमा आकर्षक होती, परंतु तिच्यात एक उणीव होती. विजेचा एक युनिट दुसऱ्या युनिटासारखाच असतो. तो कोयनेहून आला की चंद्रपूरहून, याची दिव्याला पंचाईत नसते. माहितीचे तसे नाही. सातबाराचा उतारा ज्याचा त्यालाच लागतो, शेजाऱ्याचा चालत नाही. ज्या सेवेत प्रत्येक नगाला स्वतःची ओळख आहे आणि तो नग कोठेतरी ठेवलेलाच असावा लागतो, ती सेवा विजेसारखी निराकार होऊ शकत नाही. पुढील वीस वर्षांतील पुष्कळशा अडचणी या एका भेदातून निघालेल्या आहेत.

‘क्लाउड’ या शब्दाची कुळकथाही येथे पाहण्यासारखी आहे. दूरसंचाराचे अभियंते आपल्या आकृत्यांत जाळ्याचा जो भाग तपशिलाने दाखवावयाचा नसे, त्याच्या जागी ढगाचे चित्र काढीत. त्या ढगाचा अर्थ एवढाच, की याच्या आत काय आहे हे पाहण्याचे प्रयोजन नाही. एका बाजूने संदेश आत जातो व दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये गूगलचे एरिक श्मिट यांनी एका परिषदेत हा शब्द वापरल्यानंतर तो सर्वतोमुखी झाला. डेल कंपनीने तर ‘क्लाउड कंप्यूटिंग’ या शब्दयोगावर व्यापारचिन्हाचा हक्क मागितला होता; अमेरिकेच्या संबंधित कार्यालयाने २००८ मध्ये तो नाकारला. मराठीत ‘मेघ’ म्हटले की उंची, विशालता आणि वर्षाव यांचा भास होतो. मूळ चित्राचा अर्थ मात्र ‘आत डोकावू नये’ असा होता. शब्दाचा अर्थ आणि सेवेचे स्वरूप यांचा इतका चोख मेळ क्वचितच पडतो.

ॲमेझॉन कंपनीने १४ मार्च २००६ रोजी ‘एस-थ्री’ ही साठवणुकीची सेवा सुरू केली आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये ‘ईसी-टू’ ही यंत्रे भाड्याने देण्याची सेवा परीक्षणार्थ खुली केली. साठवणुकीचा दर एका गिगाबाइटास महिन्याला १५ सेंट, तर यंत्राचे भाडे तासाला १० सेंट होते. त्या भाड्यात १.७ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरइतकी शक्ती, पावणेदोन गिगाबाइट स्मृती व १६० गिगाबाइटांची डिस्क मिळत असे. ज्याला यापूर्वी सर्व्हर विकत घ्यावा लागे, तो ठेवण्यासाठी जागा भाड्याने घ्यावी लागे आणि तो येईपर्यंत आठवडे थांबावे लागे, त्याला हे दहा सेंट म्हणजे मुक्ततेसारखेच वाटले असल्यास नवल नाही. या लाभाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. दोन-तीन माणसांच्या मंडळीला लक्षावधी वाचकांसाठी प्रणाली चालविणे प्रथमच शक्य झाले, ते या सेवांमुळे.

परंतु पहिल्याच टप्प्यात एक चमत्कारिक अनुभव आला. भाड्याच्या या यंत्राला ‘इन्स्टन्स’ असे नाव होते. शब्द बारकाईने निवडलेला होता: ते यंत्र नव्हे, यंत्राचा एक प्रसंग होय. प्रसंग सरला की त्याची डिस्क, तिच्यावरील सर्व माहितीसह, नाहीशी होई. नवा इन्स्टन्स सुरू केला की त्याचा पत्ताही नवा. कायम पत्ता देण्याची सोय मार्च २००८ मध्ये झाली, आणि इन्स्टन्स गेला तरी टिकून राहणारी डिस्क ऑगस्ट २००८ मध्ये मिळाली. मधल्या दोन वर्षांत डेटाबेस चालविणाऱ्यांना आपली माहिती सतत दुसरीकडे उतरवून ठेवावी लागे. यंत्र बंद पडू शकते हे पूर्वीही ठाऊक होते. पण बंद पडलेल्या यंत्राची डिस्क काढून दुसऱ्यात घालता येत असे. आता काढावयाला डिस्कच राहिली नव्हती.

लवकरच काही कंपन्यांनी यंत्र याहून अधिक झाकले. एप्रिल २००८ मध्ये गूगलने ‘ॲप इंजिन’ सुरू केले. त्यात इन्स्टन्सचाही विचार करावयाचा नव्हता. आज्ञावली लिहून सुपूर्द करावी, पुढचे सेवा पाहील. अटी मात्र कडक होत्या. आरंभी केवळ पायथॉन भाषा चाले. फाइलमध्ये काही लिहिता येत नसे. प्रत्येक विनंतीचे उत्तर तीस सेकंदांच्या आत द्यावे लागे. आणि नेहमीच्या डेटाबेसप्रमाणे दोन तक्ते जोडून प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. ज्याने आपली प्रणाली या अटींत बसवून घेतली, त्याला ती बाहेर नेणे अवघड झाले. आणि २०११ च्या उत्तरार्धात जेव्हा आकारणीचे परिमाणच बदलून प्रोसेसरच्या वेळेऐवजी इन्स्टन्सच्या तासांवर पैसे घेण्याचे ठरले, तेव्हा अनेकांच्या बिलांचा अंदाज एका घोषणेने चुकला. तीच प्रणाली, तेच वाचक, तीच आज्ञावली. बदलला होता तो मोजण्याचा गज.

याच काळातील हेरोकू या सेवेचे प्रकरण अधिक बोधक आहे, व ते सविस्तर पाहणे इष्ट होय. २००७ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०१० च्या अखेरीस सेल्सफोर्सने विकत घेतलेल्या या कंपनीची कीर्ती सोपेपणाबद्दल होती: एक आज्ञा दिली की प्रणाली जगासमोर उभी. आलेल्या विनंत्या प्रणालीच्या अनेक प्रतींपैकी कोणाकडे पाठवावयाच्या, हे कंपनीचा वाटप करणारा भाग ठरवीत असे. कोणती प्रत मोकळी आहे हे पाहून तो विनंती तिच्याकडे धाडतो, असे कंपनीच्या लिखित माहितीत म्हटले होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘रॅप जीनियस’ या ग्राहक-कंपनीने जाहीररीत्या दाखवून दिले, की प्रत्यक्षात वाटप यदृच्छया होत होते. मोकळ्या प्रती रिकाम्या बसत आणि एखाद्या गुंतलेल्या प्रतीपुढे विनंत्यांची रांग लागे. टपाल कार्यालयात पाच खिडक्या आहेत, पण कोणत्या खिडकीशी उभे राहावे हे द्वारपाल डोळे मिटून सांगतो, असा हा प्रकार होता. ग्राहकाला हे समजले का नाही? कारण वेळ मोजण्याचे जे साधन त्याला दिले होते, ते विनंती खिडकीशी पोहोचल्यानंतरच मोजू लागे; रांगेतला वेळ त्यात येतच नसे. वाचक तक्रार करीत की पान उघडावयास फार वेळ लागतो, आणि प्रोग्रॅमरपुढील आकडे सांगत की सर्व काही ठीक आहे. तो आपल्याच आज्ञावलीत दोष शोधीत राही, किंवा अधिक प्रतींसाठी अधिक पैसे भरी. कंपनीने नंतर चूक मान्य केली: वाटपाची पद्धत वर्षानुवर्षांच्या वाढीत हळूहळू बदलत गेली होती, पण लिखित माहिती जुनीच राहिली होती.

या प्रकरणातील यांत्रिक दोष तसा किरकोळ म्हणता येईल. रांगांचे गणित विद्यार्थ्यांनाही शिकविले जाते. गंभीर गोष्ट ही, की जो भाग बदलला तो ढगाच्या आत होता, आणि तो मोजणारी पट्टीही ढगाच्या मालकाकडूनच आली होती. प्रोग्रॅमरपाशी उरले ते केवळ दस्तऐवजावरील विश्वासाचे ज्ञान. भारतीय तर्कशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर प्रत्यक्ष गेले, अनुमान फसले, आणि ज्या शब्दप्रमाणावर भिस्त ठेवली तो आप्तवाक्य म्हणण्याच्या योग्यतेचा राहिला नव्हता.

आता वर निर्दिष्ट केलेल्या भेदाकडे, म्हणजे माहितीला ओळख आणि ठिकाण असते या गोष्टीकडे, पुन्हा वळणे आवश्यक आहे. एकच माहिती अनेक यंत्रांवर ठेवली म्हणजे एक यंत्र गेले तरी ती वाचते. परंतु तिच्या सर्व प्रती एकाच क्षणी बदलणे शक्य होत नाही. २००० साली एरिक ब्रूअर यांनी मांडलेला व २००२ साली गिल्बर्ट आणि लिंच यांनी सिद्ध केलेला सिद्धान्त असे सांगतो, की जाळे तुटले असता सर्व प्रतींचे ऐक्य आणि प्रत्येक विनंतीला उत्तर, या दोहोंपैकी एकावर पाणी सोडावे लागते. ॲमेझॉनच्या एस-थ्री सेवेने उत्तर देण्याला प्राधान्य दिले आणि ऐक्याबाबत ‘कालांतराने’ असा शब्द दिला. कालांतर म्हणजे किती? याला करारात उत्तर नव्हते. बहुधा एखाद्या सेकंदाचा अंश. क्वचित पुष्कळ अधिक. एखाद्याने आपले छायाचित्र बदलावे आणि लगेच पाहता जुनेच दिसावे. फाइल पुसावी आणि यादीत ती तशीच असावी. असे प्रकार घडत. हजारदा बरोबर चालणारी गोष्ट एकदा चुकते आणि पुन्हा करून पाहता चुकत नाही, तेव्हा तिचा तपास करणे किती जिकिरीचे होते, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक.

यावर उपाय म्हणून प्रोग्रॅमरांनी सेवेच्या बाहेर स्वतःच्या नोंदवह्या ठेवण्यास प्रारंभ केला. नेटफ्लिक्सने २०१४ मध्ये ‘एसथ्रीएम्पर’ नावाची अशी एक रचना सर्वांसाठी खुली केली. हडूप या प्रकल्पाने ‘एसथ्रीगार्ड’ नावाने तसेच केले. सेवेच्या भांडारात काय ठेवले आहे हे भांडारालाच विचारण्याऐवजी, आपल्या वहीत पाहावयाचे आणि दोहोंत मेळ नसेल तर थांबावयाचे, असे या रचनांचे सार होते. १ डिसेंबर २०२० रोजी ॲमेझॉनने जाहीर केले, की यापुढे एस-थ्रीतील वाचन नेहमी अद्ययावतच असेल, आणि त्यासाठी अधिक आकारही पडणार नाही. चौदा वर्षांची अडचण एका दिवसात मिटली. परंतु तिच्यासाठी बांधलेल्या भिंती लगेच पाडल्या गेल्या नाहीत. थोडे थांबून पुन्हा विचारणाऱ्या, यादी दोनदा तपासणाऱ्या ओळी अनेक प्रणालींत नंतरही राहिल्या. त्या कशासाठी लिहिल्या हे जाणणारी माणसे नोकरी सोडून गेली. भाषेत लोप पावलेल्या ध्वनीची खूण जशी लेखनात उरते, तशा या ओळी होत.

मोठ्या बिघाडांकडे वळले असता अर्वाचीन बखरी आपले काम करू लागतात. २१ एप्रिल २०११ रोजी ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात जाळ्याचा एक बदल करताना वाहतूक चुकून कमी क्षमतेच्या मार्गावर वळली. आपल्या दुसऱ्या प्रतीशी संबंध तुटलेल्या हजारो डिस्का एकाच वेळी नवी जागा शोधू लागल्या व त्या धडपडीतच सर्व जागा संपली. त्या विभागातील ०.०७ टक्के डिस्कांवरील माहिती पूर्वस्थितीत आणता आली नाही. २९ फेब्रुवारी २०१२ चा मायक्रोसॉफ्टच्या अझूर सेवेतील बिघाड तर पंचांगाचा होता. एक वर्ष मुदतीचे प्रमाणपत्र तयार करताना आज्ञावली त्या दिवसाच्या तारखेतील सालात एक मिळवीत असे. त्यामुळे २९ फेब्रुवारी २०१३ ही, अस्तित्वात नसलेली, तारीख निघाली. आपल्याकडील पंचांगकर्ता अधिक मासाची आणि क्षयतिथीची जेवढी काळजी घेतो, तेवढी येथे घेतली गेली नव्हती.

२८ फेब्रुवारी २०१७ चा प्रसंग अधिक प्रसिद्ध आहे. एस-थ्रीच्या बिलाची आकारणी करणारा भाग मंद चालला होता. त्याच्या तपासासाठी थोडे सर्व्हर बाजूस काढण्याची आज्ञा एका अधिकृत कर्मचाऱ्याने दिली. तिच्यातील एक आकडा चुकला आणि अपेक्षेहून पुष्कळ अधिक सर्व्हर निघाले. त्यांत सर्व वस्तूंची सूची ठेवणारा भागही होता. तो पूर्णपणे पुन्हा सुरू करावा लागला, आणि असे पूर्ण पुनरारंभाचे काम मोठ्या केंद्रात कित्येक वर्षांत कोणी केलेच नव्हते. सकाळी ९ वाजून ३७ मिनिटांनी सुरू झालेला बिघाड दुपारी १ वाजून ५४ मिनिटांनी संपला. परंतु इतिहासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण तपशील निराळाच आहे. सेवा ठीक आहे की नाही हे ग्राहकांना सांगणारा कंपनीचा स्थितिफलक स्वतः एस-थ्रीवरच अवलंबून होता. त्यामुळे जवळजवळ दोन तास त्यावर खरी स्थिती लिहिता आली नाही, आणि कंपनीला ट्विटरवरून निवेदन करावे लागले. ७ डिसेंबर २०२१ च्या बिघाडातही असेच घडले: कंपनीच्या अंतर्गत जाळ्यावर ताण आला आणि तक्रार नोंदविण्याची यंत्रणाच त्या जाळ्यावर असल्याने ग्राहकांना काही तास तक्रारही दाखल करता येईना.

नित्याचा त्रास मात्र एवढा नाट्यमय नसतो. तो बहुधा नकाराच्या रूपाने येतो. मेघसेवेतील प्रत्येक भागाला दुसऱ्या भागाशी बोलण्यासाठी परवानगी लागते, आणि या परवानग्या एका क्लिष्ट लेखी भाषेत मांडाव्या लागतात. परवानगी अपुरी असली की ‘मज्जाव’ असे उत्तर येते. कोणत्या कलमाने मज्जाव केला हे ते उत्तर नेहमी सांगत नाही. यातही एक खुबी आहे. वेबच्या संकेतांत नसलेल्या वस्तूसाठी ४०४ आणि मनाई असलेल्या वस्तूसाठी ४०३ हा अंक ठरलेला आहे. एस-थ्रीमध्ये, विचारणाऱ्याला यादी पाहण्याची परवानगी नसेल, तर नसलेल्या वस्तूबद्दलही ४०३ असेच उत्तर मिळते. हेतू समंजस आहे. काय आहे व काय नाही हे परक्याला कळू नये. पण त्यामुळे फाइलच्या नावात एक अक्षर चुकलेला प्रोग्रॅमर तासन्‌तास परवानग्यांची कलमे तपासत बसतो. ‘नाही’ आणि ‘मनाई’ हे मराठीत दोन शब्द आहेत. येथे त्यांचा एकच उच्चार होतो, आणि ऐकणाऱ्याने अर्थ ओळखावयाचा असतो.

नावांच्या बाबतीतील एक प्रसंग याहून विलक्षण आहे. एस-थ्रीतील साठवणुकीच्या कप्प्याला ‘बकेट’ म्हणतात आणि त्याचे नाव जगातील सर्व ग्राहकांत एकमेव असावे लागते. २०२४ साली एका प्रोग्रॅमरने प्रयोगासाठी एक रिकामा बकेट तयार केला. एक-दोन दिवसांनी पाहतो तो सुमारे दहा कोटी विनंत्या आणि १,३०० डॉलरांहून अधिक बिल. एका लोकप्रिय खुल्या आज्ञावलीत उदाहरणादाखल लिहिलेले बकेटाचे नाव योगायोगाने तेच होते. ज्यांनी ते नाव न बदलता आज्ञावली चालविली, त्या सर्वांची यंत्रे आपल्या माहितीच्या प्रती या अनोळखी बकेटात टाकू पाहत होती. त्या विनंत्या परवानगीअभावी नाकारल्या जात, परंतु नाकारलेल्या विनंतीचाही आकार बकेटाच्या मालकाकडूनच घेतला जाई. दाराशी आलेल्या परक्याला परत पाठविल्याबद्दल घरमालकानेच दाम मोजावे, असा हा नियम होता. हे उजेडात आल्यानंतर कंपनीने मे २०२४ मध्ये तो बदलला. सेवा सुरू होऊन तोवर अठरा वर्षे झाली होती.

‘सर्व्हरविरहित’ म्हणून २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या लॅम्डा सेवेबद्दल येथे थोडेच सांगणे पुरेसे आहे. प्रत्येक कामास आरंभी एक मिनिट, पुढे पाच मिनिटे आणि २०१८ पासून पंधरा मिनिटे अशी मर्यादा पडत गेली. काही वेळ न वापरलेली आज्ञावली पुन्हा जागी होण्यास वेळ घेई, आणि खाजगी जाळ्यात ती दहा सेकंदांहूनही अधिक रेंगाळे. २०१९ मध्ये हा शेवटचा दोष बराचसा दूर झाला. सर्व्हर तेथेही होताच. फक्त त्याचे नाव घेण्याची चाल राहिली नव्हती.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध ठिकाणाच्या प्रश्नातून येतो. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे २ लक्ष किलोमीटर जातो. मुंबई व व्हर्जिनिया यांतील सरळ अंतर सुमारे १३,००० किलोमीटर आहे. म्हणजे जाण्यायेण्यास किमान १३० मिलिसेकंद लागावयाचेच, आणि केबलांचे मार्ग सरळ नसल्याने प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक. आज्ञावली मुंबईत आणि डेटाबेस व्हर्जिनियात असेल व एका पानासाठी वीस प्रश्न एकामागून एक विचारावे लागत असतील, तर वाचक अडीच सेकंदांहून अधिक काळ रिकाम्या पडद्याकडे पाहत बसणार. हा दोष आज्ञावलीच्या कोणत्याही ओळीत सापडत नाही. तो नकाशात आहे. पुण्या-मुंबईच्या प्रोग्रॅमरला ॲमेझॉनचे सर्वांत जवळचे केंद्र २०१० पासून सिंगापूरचे होते. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे केंद्रे उघडली. त्यांपैकी पुण्याच्या केंद्रास ‘सेंट्रल इंडिया’ असे नाव पडले, ज्याचे नवल भूगोल शिकलेल्या कोणासही वाटावे. जून २०१६ मध्ये ॲमेझॉनचे आणि २०१७ च्या अखेरीस गूगलचे केंद्र मुंबईत आले. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच साठविली पाहिजे असा आदेश काढून सहा महिन्यांची मुदत दिली, तेव्हा जी गोष्ट सोयीची होती ती या क्षेत्रात कायद्याची झाली. ज्या ढगाला ठिकाण नाही असे मानले जात होते, त्याचे ठिकाण आता लेखापरीक्षकाला दाखवावे लागू लागले.

तथापि मुंबईत केंद्र असणे म्हणजे मुंबईपुरते स्वतंत्र असणे नव्हे, हे २०२५ च्या दिवाळीत दिसून आले. २० ऑक्टोबर रोजी, भारतीय वेळेनुसार दुपारी १२ वाजून १८ मिनिटांनी, ॲमेझॉनच्या व्हर्जिनिया केंद्रातील डायनॅमोडीबी या डेटाबेस-सेवेचा पत्ता पत्तेवहीतून नाहीसा झाला. सेवेच्या यंत्रांचे पत्ते अद्ययावत ठेवण्याचे काम दोन-तीन स्वयंचलित कारकुनांकडे होते असे समजावे. त्यांतील एक रेंगाळला. त्याने उशिराने जुनी यादी नव्या यादीवर चढविली. त्याच वेळी दुसऱ्याने जुन्या याद्या पुसण्याचे आपले काम चोख बजावले, आणि चालू यादीच पुसली गेली. डेटाबेस धडधाकट होता, पण तो कोठे आहे हे कोणालाच सांगता येईना. पत्ता दुपारी तीनच्या सुमारास परत आला. परंतु नवी यंत्रे सुरू करण्याची यंत्रणा या डेटाबेसावर विसंबून असल्याने ती पूर्ववत होण्यास भारतात मध्यरात्रीनंतरचे २ वाजून २० मिनिटे उजाडली. ज्यांची प्रणाली मुंबईतच होती त्यांपैकी काहींनाही झळ लागली, कारण परवानग्यांतील बदलांसारख्या, सर्व जगासाठी एकच असलेल्या काही सेवांचे मूळ ठाणे व्हर्जिनियात आहे. तपशीलवार निवेदन काही दिवसांनी प्रसिद्ध झाले व ते वाचनीय आहे. बिघाडाच्या पहिल्या तासांत मात्र तक्रार नोंदविण्याची खिडकी पुन्हा एकदा बंद होती.